चालू कार्डरीडर उपटला की कर्नल कोसळायचा

तक्रार एका ओळीची होती. कॉपी चालू असताना कार्डरीडर उपटला तर मशीन कधी लगेच कोसळते, कधी अर्ध्या मिनिटाने, आणि कधी काहीच होत नाही. रीडर यूएसबीवरचा, पण यूएसबी मास स्टोरेजची ठरलेली भाषा न बोलणारा. त्यामुळे लिनक्समधला तयार यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर त्याला लागू पडत नव्हता आणि त्याच्यासाठी आमचाच एक छोटा ब्लॉक ड्रायव्हर (डिस्कसारख्या डिव्हाइसचा) होता, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मूळ सोर्सबाहेर बांधला जाणारा. कर्नल ६.६, फाइल सिस्टिम ईएक्सटी४. पुढे त्या दुरुस्तीचे टप्पे दिले आहेत, ज्या क्रमाने अडलो त्याच क्रमाने. फंक्शनांच्या मूळ नावांत जिथे अंडरस्कोअर आहे तिथे इथे जोडरेघ दिली आहे.

तक्रारीतला सगळ्यात कामाचा शब्द ‘कधी काहीच होत नाही’ हा. केफ्रीने, म्हणजे मेमरी परत करणाऱ्या कर्नलच्या फंक्शनाने, मोकळी केलेली मेमरी लगेच पुसली जात नाही. दुसऱ्या कोणी ती मागून घेईपर्यंत जुनी माहिती तिथे जशीच्या तशी पडून असते. मोकळ्या झालेल्या स्ट्रक्चरला (माहितीच्या गठ्ठ्याला) हात लावणारा कोड त्या काळात अगदी नीट चालतो. ती जागा एखाद्या नेटवर्क पॅकेटला किंवा डिरेक्टरी एंट्रीला गेली, की मग कोसळतो, आणि तेव्हाही बहुतेक वेळा तो नवा मालकच कोसळतो. आमच्या पहिल्या तीन क्रॅशपैकी एक ईएक्सटी४ मध्ये दिसला, एक टाइमरच्या इंटरप्टमध्ये आणि एक भलत्याच प्रोसेसमध्ये. यातल्या एकावर विश्वास ठेवून फाइल सिस्टिम चाळत बसणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. असे वेगवेगळ्या ठिकाणचे क्रॅश दिसले की आधी मेमरी कोणी बिघडवली हे शोधायचे, ट्रेसमधल्या, म्हणजे कोसळताना छापलेल्या फंक्शनांच्या साखळीतल्या, सगळ्यात वरच्या फंक्शनाकडे नंतर बघायचे.

पण आधी क्रॅशचा मजकूर हाती यायला हवा. कर्नल कोसळल्यावर लॉग डिस्कवर लिहिला जाईल याची खात्री नसते, त्यामुळे रीबूटनंतर जर्नलमध्ये आधीच्या बूटचा लॉग शोधला तर शेवटच्या ओळी नेमक्या गायब असतात. सिरियल पोर्ट असेल तर उत्तम: बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून पहिला सिरियल पोर्ट आणि १,१५,२०० बॉड द्यायचा आणि दुसऱ्या मशीनवर मजकूर साठवायचा. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, तिथे नेटकन्सोल. तो कर्नलचे मेसेज यूडीपीने, नेहमीच्या ६६६६ पोर्टवर दुसऱ्या मशीनकडे ढकलतो. वायफायवर त्याचा भरवसा नाही, तार लावा. तिसरा मार्ग केडम्पचा. बूटच्या ओळीत क्रॅशकर्नलसाठी २५६ एमबी राखून ठेवायचे, कोसळल्यावर दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. केडम्प वापरणार असाल तर ‘पॅनिक-ऑन-ऊप्स’ १ करून ठेवा (ऊप्स म्हणजे कर्नलमधल्या गंभीर चुकीचा अहवाल, पॅनिक म्हणजे तिथेच थांबणे). नाहीतर ऊप्स झाल्यावरही मशीन लंगडत चालत राहते, मेमरी आणखी बिघडते आणि हाती येतो तो भलत्याच क्षणाचा डम्प.

लॉगमध्ये चौकटी कंसातला १ असलेला, म्हणजे पहिला, ऊप्सच धरायचा. पुढच्यांच्या ‘टेन्टेड’ ओळीत डी हे अक्षर दिसते, कर्नल एकदा आधीच मेला आहे असा त्याचा अर्थ. ते ऊप्स वाचू नयेत. आमच्या लॉगमध्ये ओ अक्षरही होते, कारण ड्रायव्हर बाहेरचा. ते दिसले की कर्नलची मंडळी ‘आधी तुमचा ड्रायव्हर तपासा’ म्हणतात. इथे ते बरोबर ठरले असते.

यानंतर क्रॅश पक्का करायचा, म्हणजे उपटले की दर वेळी आणि त्याच जागी व्हायला हवा. कर्नल पुन्हा बांधणे शक्य नसेल तर लिनक्स वितरणाच्या तयार कर्नललाही बूटच्या ओळीत स्लब-डीबग हा, मेमरीवर खुणा भरणारा, पर्याय एफझेडपीयू या अक्षरांसह देता येतो. मग मोकळ्या केलेल्या प्रत्येक बाइटमध्ये ६बी हा हेक्साडेसिमल आकडा भरला जातो आणि शेवटच्या बाइटमध्ये ए५. ऊप्समध्ये एखाद्या रजिस्टरात ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली की प्रश्न संपला, कोणीतरी मोकळ्या मेमरीतून पॉइंटर वाचला आहे. डीईएडी ने सुरू होणारा आणि १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता असेल तर तो यादीतून काढून टाकलेला नोड, म्हणजे काढलेलाच नोड पुन्हा काढायचा किंवा त्यावरून पुढे जायचा प्रयत्न झाला. हे दोन आकडे ओळखीचे असले की बऱ्याचदा निम्मे काम ऊप्स वाचतानाच होते.

आम्ही कर्नल बांधून घेतला, त्यात पाच गोष्टी चालू केल्या. पहिली कासान, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी, साधी जेनेरिक. ही मेमरीचा एक अष्टमांश भाग नोंदवहीसाठी घेते आणि मशीन जाणवण्याइतके मंद होते, पण तिच्या अहवालात तीन स्टॅक (फंक्शनांच्या साखळ्या) मिळतात: हात कोणी लावला, मेमरी घेतली कोणी, मोकळी केली कोणी. दुसरी डीबग-ऑब्जेक्ट्स, चालू असलेली वस्तू मोकळी केली तर ओरडणारी, तीही टाइमर आणि वर्क (रांगेत लावून नंतर चालवायचे काम) या दोन्हींसाठी. तिसरी प्रूव्ह-लॉकिंग, म्हणजे लॉक घेण्याच्या क्रमातल्या चुका पकडणारी लॉकडेप. चौथी हंग-टास्क, म्हणजे अडकून पडलेली कामे, शोधणारी. पाचवी फारशी कोणी लावत नाही, पण अशा कामात सोन्याची: डीबग-कोबजेक्ट-रिलीज. एरवी एखाद्या वस्तूचा शेवटचा रेफरन्स (वापरणाऱ्याने धरलेला ताबा) सुटला की तिची आवराआवर करणारी रिलीज तिथल्या तिथे चालते. ही लावली की ती मुद्दाम १ ते ४ सेकंद उशिरा चालवली जाते. ‘पुट केले (रेफरन्स सोडला) म्हणजे गेलेच’ असे धरून लिहिलेला कोड त्या उशिरात उघडा पडतो. यांच्या जोडीला डीबग इन्फो हवीच, नाहीतर ट्रेसमधल्या पत्त्यांवरून ओळ क्रमांक काढणारी डीकोड-स्टॅकट्रेस ही कर्नलसोबतची स्क्रिप्ट निरुपयोगी.

आता उपटणे. शंभर वेळा हाताने रीडर उपटला तर सॉकेट ढिले होते आणि माणूस कंटाळतो. सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलच्या आतल्या गोष्टी फाइली म्हणून दाखवणाऱ्या फोल्डरमधून, ड्रायव्हरच्या ‘अनबाइंड’ फाइलमध्ये इंटरफेसचे नाव लिहिणे सगळ्यात सोपे, पण ते खरे उपटणे नव्हे. तिथे डिव्हाइस जागेवर असते, पाठवलेल्या आदेशांना उत्तरे येतात आणि सगळे शिस्तीत बंद होते. आमचा क्रॅश त्या मार्गाने दहातून एकदा यायचा. खऱ्याच्या जवळ जाणारे दोन मार्ग आहेत. एक, पोर्टची वीज तोडणे. त्यासाठी यूएचयूबीसीटीएल नावाचे साधन आहे, नव्या कर्नलात पोर्टच्या सिसएफएस फोल्डरमध्ये ‘डिसेबल’ नावाची फाइलही मिळते. मात्र दर पोर्टची वीज खरोखर तोडणारे हब थोडेच. बरेच हब तसे सांगतात आणि वीज चालूच ठेवतात. रीडरचा दिवा विझतो का ते आधी डोळ्यांनी पाहा. दुसरा मार्ग क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा: पाहुण्या मशीनला एक्सएचसीआय (यूएसबी) कंट्रोलर आणि यूएसबी-स्टोरेज द्यायचे आणि क्यूईएमयूच्या मॉनिटरवर, म्हणजे आदेश द्यायच्या जागी, डिव्हाइस-डेल म्हणायचे. आमच्या रीडरची नक्कल क्यूईएमयूत नव्हती, म्हणून आम्ही वीज तोडण्याचा मार्ग घेतला. हार्डवेअर अजिबातच नसेल तर कर्नलमधल्याच डमी-एचसीडी आणि रॉ-गॅजेट या जोडीने खोटे यूएसबी डिव्हाइस उभे करता येते.

शेवटच्या चाचण्या तरी हाताने करा. यूएसबी-ए च्या प्लगमध्ये विजेच्या दोन पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे हाताने ओढताना आधी डेटा तुटतो आणि मग वीज. शिवाय तिरके ओढले तर संपर्क तुटतो, जुळतो, पुन्हा तुटतो. हब हे थरथरणे स्थिर व्हायची वाट बघतो. लिनक्स दर २५ मिलिसेकंदांनी पोर्टची स्थिती पाहतो आणि १०० मिलिसेकंद ती बदलली नाही तरच नवी जोडणी मानतो. वीज तोडणाऱ्या हबवर हा प्रकार घडतच नाही.

उपटल्यावर कर्नलला कळते कसे, हा क्रम डोक्यात नसेल तर पुढचे काही उमगणार नाही. डेटाच्या तारा तुटल्या तरी ‘डिव्हाइस गेले’ ही बातमी लगेच पोहोचत नाही. त्याआधी चालू व्यवहार फसतात, कंट्रोलर ते पुन्हा करून बघतो आणि मग यूआरबी (यूएसबीवरच्या एका व्यवहाराची चिठ्ठी) उणे ७१ सारखी, प्रोटोकॉल चुकला असे सांगणारी त्रुटी घेऊन परततो. त्यानंतर कधीतरी हबचा वर्कर पोर्ट तपासतो, लॉगमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ ही ओळ येते, यूएसबी कोअर त्या इंटरफेसचे उरलेले यूआरबी उणे १०८ (वाट बंद झाली) देऊन परत पाठवतो आणि मग ड्रायव्हरचे डिस्कनेक्ट फंक्शन बोलावले जाते. म्हणजे आपल्या ड्रायव्हरला आधी त्रुटी दिसतात आणि कारण नंतर कळते. त्या मधल्या काळात ड्रायव्हर जे ‘पुन्हा प्रयत्न’ करतो, त्यातच निम्मे किडे दडलेले असतात.

दुसऱ्या बाजूला वरची मंडळी. फाइल सिस्टिमने ब्लॉक डिव्हाइस उघडून धरलेले आहे. पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, डिस्कवर अजून न लिहिलेली पाने आहेत. नेहमीच्या मांडणीत राइटबॅक, म्हणजे ती पाने डिस्ककडे पाठवणारा कर्नलचा भाग, दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली पाने लिहायला काढतो. ‘अर्ध्या मिनिटाने कोसळते’ या तक्रारीचा उगम इथे. उपटताना काहीच झाले नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि तिसाव्या सेकंदाला राइटबॅक त्या मेलेल्या डिस्ककडे वळतो. अनमाउंट तर कोणी तासाभरानेही करील. तेव्हा ब्लॉक थर आपल्या ड्रायव्हरचे रिलीज फंक्शन बोलावणारच, डिस्कनेक्ट कधीचे होऊन गेलेले असले तरी.

आमचे जुने डिस्कनेक्ट असे होते: डेल-जेनडिस्क (डिस्क यंत्रणेतून काढणे), पुट-डिस्क (तिचा रेफरन्स सोडणे), टॅग-सेट (चालू रिक्वेस्टच्या क्रमांकांचा संच) मोकळा, बफर मोकळा, स्ट्रक्चर मोकळे. वाचायला नीटनेटके, प्रोबच्या, म्हणजे डिव्हाइस जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनाच्या, बरोबर उलट. चूक एवढीच, की यात डिव्हाइसचे जाणे आणि त्याच्या हिशेबाच्या वहीचे जाणे एकच मानले होते. डिव्हाइस हाताने ओढले त्या क्षणी गेले. वही मात्र शेवटच्या घेणेकऱ्याने सोडल्याशिवाय फाडता येत नाही, आणि घेणेकरी दोन होते: आमचेच पोलिंगचे वर्क आणि उघडून बसलेली फाइल सिस्टिम.

पोलिंग आधी सापडले. कार्ड आहे की नाही हे रीडर स्वतःहून सांगत नाही, म्हणून ड्रायव्हर दर ५०० मिलिसेकंदांनी विचारायचा आणि विचारून झाले की स्वतःलाच पुन्हा वेळ लावून घ्यायचा. डिस्कनेक्टमध्ये हे वर्क रद्दच केलेले नव्हते. कासान काही बोलायच्या आधीच डीबग-ऑब्जेक्ट्सने सांगितले: ‘फ्री ॲक्टिव्ह’, प्रकार टाइमर, सूचक डिलेड-वर्कचे टाइमर फंक्शन. हा इशारा केफ्रीच्या ओळीवरच येतो, क्रॅश व्हायची वाट पाहत नाही, म्हणून त्याचा स्टॅक थेट गुन्ह्याच्या जागी नेतो. उपाय कॅन्सल-डिलेड-वर्क-सिंक. शेवटचा ‘सिंक’ महत्त्वाचा. नुसते कॅन्सल रांगेतले वर्क काढते, पण दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी चालू असलेल्याची वाट पाहत नाही. स्वतःला पुन्हा रांगेत लावणारे वर्कही सिंकवाले नीट थांबवते. मात्र ते वर्क तिसरीकडूनही, उदाहरणार्थ यूआरबी परतल्यावर चालणाऱ्या कम्प्लीशन फंक्शनामधून, रांगेत लागत असेल तर रद्द केल्यानंतर ते पुन्हा लागू शकते. तिथे ‘गेले’ असा झेंडा तपासूनच रांगेत लावायचे. कर्नल ६.१० पासून डिसेबल-डिलेड-वर्क-सिंक आले आहे, ते पुढची रांगच बंद करते, आमच्या ६.६ मध्ये ते नव्हते.

एवढे केल्यावर मशीन कोसळायचे थांबले आणि गोठायला लागले. आगीतून फुफाट्यात. डिस्कनेक्टने म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे लॉक) धरून ‘गेले’ झेंडा लावला होता आणि म्युटेक्स हातात असतानाच सिंकची वाट बघत होते. पोलिंगचे वर्क तोच म्युटेक्स मागत होते. दोघे एकमेकांसाठी थांबलेले. लॉकडेपने पहिल्याच फेरीत वर्तुळाकार अवलंबनाचा इशारा दिला. तो लावलेला नसता तर १२० सेकंदांनी ‘टास्क अडकले’ अशी ओळ तेवढी दिसली असती. गंमत नाही ही: अडकतो तो हबचा वर्कर. त्यामुळे त्या हबवर नवे काही जोडले तरी ओळखले जात नाही आणि लोक हार्डवेअर बिघडले म्हणून हब बदलतात. म्युटेक्स घ्या, झेंडा लावा, म्युटेक्स सोडा, आणि मग वाट बघा.

आता दुसरा घेणेकरी. माउंट केलेले असताना उपटले, मग अनमाउंट केले, की कासानचा ‘स्लॅब यूज आफ्टर फ्री’, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरल्याचा अहवाल. हात लावणारा स्टॅक: अनमाउंट, ब्लॉक डिव्हाइस बंद करणे, आमचे रिलीज. मोकळे करणारा स्टॅक: हबचा वर्कर, आमचे डिस्कनेक्ट. शेवटचा वापरणारा गेला की रीडरला ‘कार्डाचे कुलूप काढ’ असा आदेश आमचे रिलीज पाठवायचे, आणि त्यासाठी प्रायव्हेट-डेटामधून स्ट्रक्चर उचलायचे, जे डिस्कनेक्टने कधीच मोकळे केले होते.

जुन्या ड्रायव्हरांत यासाठी स्वतःचा केरेफ (रेफरन्स मोजणारा आकडा), एक जागतिक म्युटेक्स आणि उघडताना-मिटताना मोजणी असा घाट असे. २०२२ मध्ये ब्लॉक डिव्हाइसच्या फंक्शन-यादीत फ्री-डिस्क हे नवे फंक्शन आले. जेनडिस्कचा, म्हणजे ब्लॉक थराच्या डिस्क-नोंदीचा, शेवटचा रेफरन्स सुटला की ब्लॉक थरच ते बोलावतो. स्ट्रक्चर मोकळे करायची योग्य जागा ती. आम्ही बफर आणि स्ट्रक्चरची केफ्री तिथे हलवली, यूएसबी डिव्हाइसचा गेट-डेव्हने घेतलेला रेफरन्सही तिथेच सोडला आणि रिलीजमध्ये म्युटेक्स घेऊन झेंडा बघितला. गेले असेल तर आदेश न पाठवता परत फिरायचे, कारण डिस्कनेक्ट परतल्यानंतर त्या डिव्हाइसकडे एकही यूआरबी पाठवायचा नाही हा यूएसबी कोअरचा नियम आहे.

यात दोन खड्डे आहेत. आम्ही दोन्हींत पडलो.

पहिला क्रमाचा. आमच्याकडे पुट-डिस्क आधी आणि टॅग-सेट मोकळा करणे नंतर होते. टॅग-सेट त्याच स्ट्रक्चरच्या पोटात असतो. जोवर केफ्री डिस्कनेक्टच्या शेवटी होती तोवर हा क्रम चालून जायचा. केफ्री फ्री-डिस्कमध्ये गेल्यावर, डिस्क कोणी उघडलेली नसेल तर पुट-डिस्क हाच शेवटचा रेफरन्स ठरतो आणि स्ट्रक्चर तिथेच जाते. पुढची ओळ मेलेल्या स्ट्रक्चरमधल्या टॅग-सेटला हात लावते. म्हणजे दुरुस्तीनेच नवा क्रॅश आणला, तोही नेमका माउंट न केलेल्या सोप्या स्थितीत, जिथे आधी कोणी तक्रारच केली नव्हती. डेल-जेनडिस्क, मग टॅग-सेट, आणि पुट-डिस्क सगळ्यात शेवटी. त्याखाली स्ट्रक्चरचे नाव घेणारी एकही ओळ नको, लॉग छापणारीसुद्धा नको.

दुसरा प्रोबच्या चुकीच्या वाटेवरचा. फ्री-डिस्क बोलावले जाते ते ॲड-डिस्क (डिस्क यंत्रणेत नोंदवणे) यशस्वी झालेल्या डिस्कसाठीच. ॲड-डिस्क फसले तर पुट-डिस्क करूनही आपले फ्री-डिस्क चालत नाही आणि स्ट्रक्चर गळून राहते. त्या वाटेवर केफ्री आपणच करायची. जुना कोड ॲड-डिस्कचे उत्तर तपासतच नव्हता. ते पूर्वी काहीच परत देत नसे. आता देते, आणि तपासले नाही तर कंपायलर टोकतो. तो इशारा कोणीतरी दडपून ठेवला होता.

उरले ते गोठण्याचे प्रकरण, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. मोठी कॉपी चालू असताना उपटले की डिस्कनेक्ट डेल-जेनडिस्कमध्ये जाऊन परतच येत नसे. दोन कारणे एकमेकांत गुंतलेली होती.

एक आमच्या ‘पुन्हा प्रयत्ना’चे. उणे ७१ ही त्रुटी वायर हलली तरी येते, म्हणून ड्रायव्हर रिक्वेस्ट पुन्हा रांगेत टाकायचा आणि सेकंदाने परत पाठवायचा. किती वेळा, याला मर्यादा नव्हती. उपटलेल्या डिव्हाइसवर ती रिक्वेस्ट कधीच संपणार नव्हती. डेल-जेनडिस्क मात्र रांग गोठवून चालू रिक्वेस्ट संपायची वाट बघते. उपाय रुक्ष आहे. झेंडा लागला असेल तर रिक्वेस्ट आल्या पावली आय-ओ (वाचन-लेखनाची) त्रुटी देऊन संपवायची, लागला नसेल तर तीनदा प्रयत्न आणि मग त्रुटी. उणे १९ (डिव्हाइस नाही) आणि उणे १०८ यांच्यावर पुन्हा प्रयत्न करायचाच नाही.

दुसरे कारण कर्नलच्या बाजूचे, आणि त्याला थोडा इतिहास आहे. डिस्क गेली हे ब्लॉक थर फाइल सिस्टिमला कळवतच नसे. ईएक्सटी४ च्या सोर्समध्ये बरीच वर्षे ब्लॉक-डिव्हाइस-इजेक्टेड नावाचे चिमुकले फंक्शन होते. त्यावरची टिप्पणी स्पष्ट होती: डेल-जेनडिस्क कोणाला न सांगता बीडीआय मोडून टाकते, त्यानंतर सुपरब्लॉकचा (फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीचा) बफर मळवला, म्हणजे ‘बदलला, लिहायचा आहे’ अशी खूण केली, तर ऊप्स होतो, आणि डेल-जेनडिस्कमध्ये नीट हूक येईपर्यंतचा हा जुगाड आहे. बीडीआय, म्हणजे राइटबॅकचा हिशेब ठेवणारे स्ट्रक्चर, स्वतंत्रपणे मेमरीत घेऊन त्याला स्वतःची रेफरन्स मोजणी द्यायचे काम कर्नल-विकासक यान कारा यांनी २०१७ मध्ये केले. पण फाइल सिस्टिमला निरोप पोहोचवणारी व्यवस्था २०२३ मधल्या ६.५ मध्ये आली, क्रिस्टॉफ हेल्विग या दुसऱ्या कर्नल-विकासकाच्या कामातून. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही हेच दुखणे होते. तिथे माध्यम गेले की यूएफएस ही फाइल सिस्टिम सक्तीने अनमाउंट करण्याची सोय २०२० मध्ये झाली. म्हणून ६.५ पेक्षा जुन्या कर्नलवर ड्रायव्हर निर्दोष असूनही फाइल सिस्टिममधून इशारे येऊ शकतात. तिथे ड्रायव्हर खरवडत बसण्याआधी तीच चाचणी नव्या कर्नलवर करून पाहावी.

आमच्यासाठी या निरोपाचा एक बारकावा महत्त्वाचा ठरला. निरोप दोन तऱ्हांचा आहे: शिस्तीत काढले, किंवा अचानक गेले. ड्रायव्हरने काहीच न सांगता डेल-जेनडिस्क बोलावले तर ब्लॉक थर ‘शिस्तीत’ धरतो आणि आधी फाइल सिस्टिम सिंक करतो. म्हणजे मळकी पाने उपटलेल्या रीडरकडे लिहायला पाठवतो! त्यातली प्रत्येक रिक्वेस्ट आमच्या अमर्याद प्रयत्नांच्या रांगेत जाऊन बसत होती. डेल-जेनडिस्कच्या आधी बीएलके-मार्क-डिस्क-डेड बोलावले की चित्र पालटते. डिस्कची क्षमता शून्य होते, नव्या रिक्वेस्ट रांगेत शिरण्याआधीच त्रुटी घेऊन परततात, आणि फाइल सिस्टिमला ‘अचानक गेले’ असा निरोप जातो, त्यावर ती सिंकचा हट्ट न धरता स्वतःला बंद करते. आधीच हार्डवेअरकडे गेलेल्या रिक्वेस्ट संपवणे मात्र ड्रायव्हरचेच काम राहते.

ड्रायव्हर ‘अनबाइंड’ने काढला जात असेल, म्हणजे रीडर जागेवर असेल, तर डेड मार्क करू नये. तिथे सिंक हवाच असतो. डिव्हाइसची स्थिती ‘नॉट-अटॅच्ड’ (जोडलेले नाही) आहे का ते बघून आम्ही दोन वाटा केल्या. अनबाइंडमध्ये आणखी एक गोम आहे. ड्रायव्हरच्या नोंदीत सॉफ्ट-अनबाइंड लावलेले नसेल तर यूएसबी कोअर डिस्कनेक्टच्या आधीच एंडपॉइंट (डेटा जा-ये करायच्या वाटा) बंद करतो, आणि मग तो सिंक फसतोच.

शेवटचा क्रम असा ठरला. म्युटेक्समध्ये झेंडा. अँकरवरचे, म्हणजे पाठवून नोंदवून ठेवलेले, सगळे यूआरबी मारणे. पुन्हा प्रयत्नाच्या रांगेला धक्का देऊन तिथल्या रिक्वेस्ट त्रुटीने संपवणे. पोलिंगचे वर्क सिंकने रद्द. उपटलेले असेल तर डेड मार्क. डेल-जेनडिस्क. टॅग-सेट. पुट-डिस्क. अनबाइंडच्या वाटेवर पहिले तीन टप्पे डेल-जेनडिस्कच्या नंतर येतात, नाहीतर सिंकची लिखापढी आपणच मारून टाकू.

चाचणीसाठी स्क्रिप्टने हजार फेऱ्या चालवल्या: जोडणे, ०.१ ते ३ सेकंद यादृच्छिक थांबणे, वीज तोडणे. यादृच्छिक थांबा महत्त्वाचा, कारण ठरावीक २ सेकंद थांबलात तर प्रोब चालू असतानाचे उपटणे कधी तपासलेच जात नाही. या फेऱ्यांचे चार गट केले: डिस्क कोणी न उघडलेली, नुसते डीडी या कॉपीच्या आदेशाने कच्चे वाचन, माउंट करून लेखन, आणि माउंट करून उपटल्यावर ४० सेकंदांनी अनमाउंट. शेवटच्या गटातले ४० सेकंद राइटबॅकच्या ३० सेकंदांना ओलांडण्यासाठी. प्रत्येक गटानंतर केमेमलीकचा, म्हणजे मेमरी गळती शोधणाऱ्या साधनाचा, अहवाल. कासान मेमरी गळती पकडत नाही, आणि ‘मोकळी करणे उशिरा’ या वळणाच्या दुरुस्तीत ‘कधीच मोकळी न करणे’ फार सहज घुसते.

दुरुस्तीनंतर लॉग शांत होत नाही, होऊही नये. आय-ओ त्रुटी, ‘लॉस्ट असिंक पेज राइट’, ईएक्सटी४ बंद पडल्याची ओळ, हे सगळे येणारच, कारण डेटा खरोखर गेला आहे. लिहिणारा प्रोग्रॅम एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणे) करत असेल तर त्याला ईआयओ ही त्रुटी मिळते, करत नसेल तर त्याला पत्ताही लागत नाही. विंडोज १० ने १८०९ आवृत्तीपासून काढत्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण केले, लेखनाची कॅश टाळण्याचे. लिनक्सवर तसे हवे असेल तर माउंट करताना सिंक किंवा फॅटसाठी फ्लश हा पर्याय द्यावा लागतो, आणि सिंकने लेखन चांगलेच रेंगाळते.

हजार फेऱ्यांत एकच इशारा उरला होता. जुना माउंट तसाच ठेवून रीडर पुन्हा जोडला आणि नवा माउंट केला, की सिसएफएसची ‘डुप्लिकेट फाइलनेम’ तक्रार, ईएक्सटी४ च्या फोल्डरखाली. डिस्कच्या नावातला क्रमांक आम्ही आयडीए या कर्नलच्या क्रमांक वाटणाऱ्या सोयीमधून घ्यायचो आणि डिस्कनेक्टमध्येच परत करायचो. त्यामुळे नव्या डिस्कला तेच नाव मिळायचे, आणि जुन्या माउंटची ईएक्सटी४ ने केलेली त्या नावाची नोंद अजून जिवंत असायची. नेहमीच्या पेनड्राइव्हला हा त्रास होत नाही. एसडीबी नावाने आलेला पेनड्राइव्ह माउंट असताना उपटून पुन्हा लावला तर तो एसडीसी म्हणून येतो, कारण एसडी ड्रायव्हर क्रमांक शेवटच्या रिलीजपर्यंत सोडत नाही. आयडीए मोकळा करणारी ओळ फ्री-डिस्कमध्ये, केफ्रीच्या वर, हलवली.